कात्री तीच, दर नवा : सेवाक्षेत्राविषयी वाचकांचे प्रश्न

सेवाक्षेत्राची वाढ आणि उत्पादकता (म्हणजे एका माणसाच्या कामातून किती उत्पादन होते) या विषयावर आलेल्या पत्रांपैकी पाच पत्रांना या अंकात उत्तरे देत आहे. जागेअभावी पत्रे थोडी संक्षिप्त केली असून, नावांऐवजी व्यवसाय आणि गाव एवढाच उल्लेख ठेवला आहे. मिरजेच्या पत्राला अंमळ अधिक जागा दिली आहे, कारण त्यातील कोडे ज्याला उलगडले त्याला इतर पत्रांची निम्मी उत्तरे स्वतःच काढता येतील.

प्रश्न : वडील आणि मी मिळून चाळीस वर्षे यंत्रमागाच्या धंद्यात आहोत. आम्ही कापड तयार करतो. ते दिसते, मोजता येते, गाठी बांधून पाठवता येते. वर्तमानपत्रांत मात्र देशाची वाढ सेवाक्षेत्रामुळे होत आहे असे वाचतो. एकाने दुसऱ्याचे केस कापायचे आणि दुसऱ्याने पहिल्याचे कपडे धुवायचे, यातून देशाची संपत्ती वाढणार कशी? (यंत्रमागधारक, इचलकरंजी)

उत्तर : आपली शंका जवळजवळ अडीचशे वर्षे जुनी आहे आणि ती घेणारी माणसे लहान नव्हती. अर्थशास्त्रज्ञ ॲडम स्मिथने १७७६ साली घरगड्यांपासून संगीतकारांपर्यंत अनेकांचे श्रम अनुत्पादक ठरवले होते, कारण त्या श्रमातून मागे उरणारी, पुन्हा विकता येईल अशी वस्तू तयार होत नाही. सोव्हिएत रशियाच्या राष्ट्रीय हिशेबात हाच विचार इतक्या टोकाला गेला की मालवाहतूक उत्पन्नात धरली जाई आणि प्रवासी वाहतूक वगळली जाई. म्हणजे आपल्याकडे तो हिशेब लावला असता तर लासलगावहून निघालेला कांद्याचा ट्रक मोजला गेला असता आणि त्याच रस्त्याने जाणारी एसटी नसती. ब्रिटनने तर १९६६ मध्ये, निकोलस काल्डोर या अर्थशास्त्रज्ञाच्या सल्ल्यावरून, सेवाव्यवसायातील प्रत्येक नोकरामागे मालकावर कर बसवला, जेणेकरून माणसे दुकानांतून आणि हॉटेलांतून निघून कारखान्यांत जावीत. कारखानदारांना तोच कर वर काही रक्कम देऊन परत केला जात असे. १९७३ मध्ये तो कर रद्द झाला.

तरीही या शंकेत एक चूक आहे आणि ती आपल्याच कीर्दखतावणीत सापडेल. कापडाच्या मीटरला जो दर मिळतो त्यातून सुताची किंमत वजा केल्यावर उरणारी रक्कम सगळी मागाची नसते. तीत दिवाणजीचा पगार, बँकेचे व्याज, विम्याचा हप्ता, वाहतूक, दलाली आणि माग दुरुस्त करणाऱ्याची मजुरी असते, आणि यांपैकी बरेचसे सेवाक्षेत्रात मोडते. गाडी दोन दिवस उशिरा आली किंवा बिघडलेल्या मागाला वेळेवर कारागीर मिळाला नाही, तर मागाचा वेग कितीही असो, त्या आठवड्याचे कापड कमीच भरते. सेवेची उत्पादकता बहुधा अशी दुसऱ्याच्या खात्यात उमटते. म्हणूनच ती डोळ्यांना दिसत नाही.

नाशिकच्या द्राक्षांचे उदाहरण यापेक्षा ठळक आहे. २०१० साली क्लोरमेक्वाट क्लोराइड या वाढनियंत्रकाचे अंश सापडल्यामुळे भारतीय द्राक्षे युरोपात अडकली आणि बागायतदारांचे मोठे नुकसान झाले. ती अडचण बागेत जास्त खत घालून किंवा जास्त मजूर लावून सुटणारी नव्हती. प्रयोगशाळेतील अंशतपासणी, प्रत्येक बागेची नोंदणी, पूर्वशीतन (तोडणीनंतर लगेच फळ थंड करणे), न्हावा शेवा बंदरापर्यंतची शीतसाखळी, या सगळ्या सेवांच्या भरवशावरच ते द्राक्ष युरोपच्या दुकानात पोहोचते आणि त्याला तो दर मिळतो.

आपल्या बाजूनेही एक गोष्ट सांगितली पाहिजे. सेवाक्षेत्राच्या वाढीचा काही भाग निव्वळ कागदावरचा असतो. गिरणीचा पहारेकरी गिरणीच्या हजेरीपटावर असतो तोवर त्याची गणना कारखानदारीत होते. तोच पहारेकरी, त्याच फाटकावर, ठेकेदाराच्या गणवेशात उभा राहिला की तो सेवाक्षेत्रात जातो. उपाहारगृह, सफाई आणि हिशेबलेखन ठेकेदारांकडे गेले की आकडेवारीत सेवा वाढते आणि उद्योग आक्रसतो, प्रत्यक्षात मात्र काहीच हललेले नसते.

प्रश्न : मी २६ वर्षे सलून चालवतो. सुरुवातीला कटिंगचे १५ रुपये घेत होतो, आज १२० घेतो. तेव्हाही दिवसाला माझ्या हातून पंधरा-सोळा डोकी होत आणि आजही तेवढीच होतात. एका प्राध्यापक गिऱ्हाइकाने सांगितले की तुमची उत्पादकता वाढलेली नाही आणि तुमच्यासारख्यांमुळेच महागाई वाढते. हे खरे आहे का? (सलूनचालक, मिरज)

उत्तर : प्राध्यापक महाशयांचे पहिले वाक्य अर्धे खरे आहे आणि दुसरे चूक आहे.

विल्यम बॉमोल या अमेरिकन अर्थशास्त्रज्ञाने १९६० च्या दशकात नाटक आणि संगीतसंस्थांचे हिशेब तपासताना एक साधी गोष्ट लक्षात आणून दिली. चार वादकांची एक रचना वाजवायला शंभर वर्षांपूर्वी जेवढी माणसे आणि जेवढा वेळ लागत असे, तेवढाच आजही लागतो. तरीही वादकांचे मानधन शंभर वर्षांपूर्वीचे राहिलेले नाही. मिरजेच्या माणसाला हे वेगळे समजावून सांगण्याची गरज नाही. विलंबित ख्याल दुप्पट लयीत उरकून गायकाची उत्पादकता वाढत नाही, ख्याल तेवढा बिघडतो. आणि तंबोऱ्याची जवारी लावणाऱ्या कारागिराच्या हातालाही घाई चालत नाही.

आता आपल्या दुकानाचा हिशेब मांडू. समजा, जवळच्या कारखान्यात नवी यंत्रे आली, एक कामगार पूर्वीच्या दुप्पट माल काढू लागला आणि त्याचा पगार दुप्पट झाला. मालकाचा प्रत्येक नगामागचा मजुरीखर्च होता तेवढाच राहिला, म्हणून वस्तूचा भाव वाढण्याचे कारण नाही. आपल्या सलूनमधील कारागीर मात्र हा पगार पाहतो. त्याला टिकवायचे तर त्याचेही पैसे वाढवावे लागतात, पण त्याच्या हातून पूर्वीइतकीच डोकी होतात. म्हणून प्रत्येक कटिंगमागचा मजुरीखर्च दुप्पट होतो आणि दर वाढतो. तो वाढण्याचे कारण आपला आळस नाही आणि नफेखोरीही नाही. दुसरीकडे झालेली प्रगती आपल्या दरपत्रकावर अशा रीतीने उमटते. १५ चे १२० होण्यातील मोठा भाग सर्वच वस्तूंच्या भाववाढीचा आहे, कारण या काळात रुपयाचीच किंमत घटली आहे. त्याच्यावर जो जास्तीचा भाग उरतो, तो बॉमोलने सांगितलेला. त्याला महागाईचे कारण म्हणणे चूक आहे, कारण तो एका गोष्टीच्या तुलनेत दुसरीचा भाव बदलणे आहे. एकंदर भावपातळी चढणे ही वेगळी घटना आहे आणि तिची कारणेही वेगळी असतात.

याच नियमाचे दुसरे टोक परदेशी राहणारे मराठी लोक अनुभवतात. अमेरिकेत केस कापायला जे पैसे पडतात ते ऐकून सुट्टीवर आलेली मंडळी आपल्या खुर्चीत बसल्यावर हमखास तुलना करत असतील. तेथील कारागिराची कात्री आपल्यापेक्षा अनेक पटींनी वेगाने चालत नाही. त्याला अनेक पट पैसे मिळतात, कारण तो सलून सोडून गेला तर त्या देशातील इतर कामांत त्याला तेवढे मिळू शकतात. आपल्या कारागिरासमोर तसे पर्याय थोडे आहेत. शेतीत अर्धवट काम असलेली तरुण मुले शहरात येतच असतात, त्यामुळे आपल्याकडे सेवा दीर्घकाळ स्वस्त राहिल्या. ही स्वस्ताई मध्यमवर्गाला फार आवडते. ती ज्याच्या कमी मजुरीतून येते त्याचा विचार मात्र क्वचितच होतो.

“अर्धे खरे” असे मी पहिल्या वाक्याबद्दल म्हटले, त्याचे कारण असे की डोकी मोजून आपले काम पुरते मोजले जात नाही. विजेवर चालणाऱ्या ट्रिमरने काही मिनिटे वाचली असतील, गिऱ्हाईक फोन करून येत असल्यामुळे बाकावर ताटकळणारे लोक कमी झाले असतील, सुट्ट्या पैशांची कटकट संपली असेल. यांपैकी वाचलेला वेळ प्रामुख्याने गिऱ्हाइकाचा आहे आणि कोणत्याही सरकारी तक्त्यात त्याची नोंद होत नाही. उलट बाजूही पाहा. श्रावणात आणि शनिवारी किती खुर्च्या रिकाम्या असतात? कापड गोदामात ठेवता येते. श्रावणातील न कापलेले केस साठवून ठेवून गणपतीच्या आदल्या दिवशी चौपट वेगाने कापता येत नाहीत. त्या दिवशी रांग लागते आणि काही गिऱ्हाइके परत जातात. सेवेची उत्पादकता हातांच्या वेगापेक्षा खुर्ची किती वेळ भरलेली राहते यावर अधिक ठरते, आणि गजबजलेल्या पेठेतील सलून त्याच कारागिरांकडून आडबाजूच्या सलूनपेक्षा जास्त कमावते ते यामुळेच.

प्रश्न : स्पर्धा परीक्षेच्या तयारीत असे वाचले की देशाच्या सकल मूल्यवर्धनात सेवाक्षेत्राचा वाटा सुमारे ५५ टक्के आणि रोजगारातील वाटा सुमारे ३० टक्के आहे. शेतीत मात्र ४६ टक्के लोक असून त्यांचा वाटा १८ टक्क्यांच्या आसपास आहे. मग शेतीतील लोक सेवाक्षेत्रात आणले की उत्पादकता आपोआप वाढेल, असे उत्तर लिहावे का? (विद्यार्थी, लातूर)

उत्तर : “आपोआप” हा शब्द काढावा, मग उत्तराची सुरुवात बरी होईल.

आपण दिलेल्या आकड्यांवरून भागाकार केला तर सेवाक्षेत्रातील एका माणसामागचे मूल्यवर्धन (विक्रीतून कच्च्या मालासारखा बाहेरचा खर्च वजा करून उरणारी रक्कम) शेतीतील एका माणसाच्या साडेचार पटींहून अधिक येते. हा भागाकार बरोबर आहे, पण त्यातून काढलेला निष्कर्ष टिकत नाही, कारण ती सरासरी आहे आणि शेती सोडून येणारा माणूस सरासरीच्या जागी येऊन बसत नाही. बहुराष्ट्रीय कंपन्यांनी भारतात उघडलेली जागतिक क्षमता केंद्रे घ्या. २०२३-२४ मध्ये त्यांची संख्या १,७०० च्या वर होती आणि त्यांत सुमारे १९ लाख लोक काम करत होते. पुणे आणि मुंबईतील अशा कार्यालयांतून निघणारे काम लंडनला किंवा न्यूयॉर्कला विकले जाते, म्हणून त्याला स्थानिक गिऱ्हाइकाच्या खिशाची मर्यादा नाही. आता दुसरे चित्र पाहा. असंघटित बिगरशेती आस्थापनांच्या वार्षिक सर्वेक्षणानुसार त्याच वर्षी देशात अशा ७ कोटी ३४ लाख आस्थापनांत १२ कोटींहून अधिक लोक काम करत होते. यात लहान कारखानेही आहेत, पण दुकाने आणि इतर सेवा मिळून मोठा भाग होतो. तेथे एका माणसामागचे वार्षिक मूल्यवर्धन चालू किमतींना सुमारे दीड लाख रुपये, म्हणजे महिन्याला साडेबारा हजार होते. मालकाचा नफा, मजुराची मजुरी, भांडवलाचा मोबदला, सगळे त्यातच आले.

लातूरजवळच्या गावातून पुण्याला गेलेला, दहावीपर्यंत शिकलेला मुलगा बहुधा या दुसऱ्या चित्रात येतो. तो घरपोच वस्तू पोहोचवू लागला तर त्याची कमाई गावापेक्षा वाढते, आणि तेवढी वाढ खरी आहे. परंतु ज्या चौकात दोन टपऱ्या पुरत होत्या तेथे पाच झाल्या, तर चहाची विक्री अडीचपट होत नाही, विभागली जाते. शेतातील अर्धबेकारी अशा वेळी टपरीवर येऊन बसते आणि आकडेवारीत तिला सेवाक्षेत्रातील रोजगार असे नाव मिळते.

कारखानदारीकडून जी अपेक्षा असते ती येथेच निराळी ठरते. मुंबईच्या गिरणगावाने कोकणातून आणि घाटावरून आलेल्या, अक्षरओळखही बेताची असलेल्या माणसांना शतकभर सामावून घेतले. यंत्र आणि पाळी यांनीच त्यांची उत्पादकता वाढवली. जानेवारी १९८२ मध्ये सुरू झालेल्या गिरण्यांच्या संपात सुमारे अडीच लाख कामगार होते. पुढे बंद पडलेल्या गिरण्यांच्या जमिनींवर लोअर परळची कार्यालये आणि मॉल उभे राहिले. एका चौरस फुटामागचे उत्पन्न गिरणीच्या काळापेक्षा कितीतरी वाढले, यात शंका नाही. पण त्या कार्यालयांना लागणारे शिक्षण गिरणी कामगारांच्या बहुतेक घरांत त्या वेळी नव्हते. डॅनी रॉड्रिक या अर्थशास्त्रज्ञाने विकसनशील देशांत कारखानदारी पुरती बहरण्याआधीच ओसरू लागते याला अकाली निरुद्योगीकरण म्हटले आहे. ते उत्तरात अवश्य लिहावे, पण लोअर परळचे उदाहरण त्याच्या शेजारी ठेवावे. परीक्षकाला ते आठवणीत राहील.

प्रश्न : गोव्यात खाणी बंद पडल्या तेव्हा पर्यटन सगळे भरून काढील असे सांगितले गेले. पर्यटनाने खाणींची जागा घेता येते का? (वाचक, म्हापसा)

उत्तर : उत्पन्नापुरती बऱ्याच अंशी घेता येते, आणि २०१२ मध्ये व पुन्हा २०१८ मध्ये खाणी थांबल्या तेव्हा काही तालुक्यांना ती घ्यावी लागली. बाहेरचा माणूस येऊन गोव्यात पैसे खर्च करतो, म्हणून पर्यटन ही एक प्रकारे घरबसल्या होणारी निर्यातच आहे. परंतु खाणपट्ट्यातील डिचोली-सांगेचा ट्रकमालक आणि बार्देशच्या किनाऱ्यावरील शॅकमालक हे एकच कुटुंब नाही, आणि ट्रक विकून शॅक काढता येत नाही. शिवाय पर्यटनातील उत्पन्न वाढवण्याचा सोपा मार्ग माणसांची संख्या वाढवणे हा आहे. तो मार्ग पाणी, कचरा आणि रस्ते यांपाशी येऊन अडतो. प्रत्येक पाहुण्यामागे मिळणारे उत्पन्न वाढले तरच त्याला उत्पादकतेची वाढ म्हणता येईल. पावसाळ्यात रिकाम्या राहणाऱ्या खोल्यांचा प्रश्न मिरजेच्या श्रावणातील खुर्च्यांसारखाच आहे.

प्रश्न : मी जिल्हा परिषदेच्या शाळेत शिक्षिका आहे. प्रशिक्षणात एका वक्त्याने सांगितले की सरकारी सेवांची उत्पादकता शून्याने वाढते. वीस वर्षांत मी काहीच सुधारले नाही, असा याचा अर्थ होतो का? (शिक्षिका, संगमेश्वर)

उत्तर : होत नाही. वक्त्यांनी मोजणीच्या पद्धतीचा परिणाम आपल्या कामाचा गुण म्हणून सांगितला.

बाजारात विकल्या जाणाऱ्या वस्तूला किंमत असते, म्हणून तिचे उत्पादन रुपयांत मांडता येते. आपल्या वर्गाला तिकीट नाही. त्यामुळे राष्ट्रीय हिशेबात सरकारी शिक्षणाचे उत्पादन त्यावर झालेल्या खर्चाइतके, म्हणजे मुख्यतः वेतनाइतके धरण्याची रूढ पद्धत आहे. जेथे उत्पादन म्हणजेच खर्च असे गृहीत धरले, तेथे दोहोंतील अंतर वाढलेले दिसणार तरी कसे? आपण मुलांना उत्तम वाचायला शिकवले काय किंवा वर्गात नुसत्या बसून राहिलात काय, त्या तक्त्यात फरक पडत नाही.

ब्रिटनने विद्यार्थिसंख्या आणि उपचारांची संख्या यांवरून मोजण्याचा मार्ग धरला आणि २००५ मध्ये अर्थशास्त्रज्ञ ॲटकिन्सन यांच्या अहवालानंतर त्यात गुणवत्तेचाही विचार आणण्याचा प्रयत्न झाला. त्याचा एक परिणाम २०२० मध्ये दिसला. टाळेबंदीत शाळा बंद झाल्या तेव्हा ब्रिटनच्या आकडेवारीत शिक्षणाचे उत्पादन मोठ्या प्रमाणावर घसरले; जेथे वेतनावरून मोजतात तेथे वेतन चालू असल्याने तेवढी घसरण दिसली नाही. पण डोकी मोजण्याच्या पद्धतीचाही धोका आहेच. शिक्षणहक्क कायद्याने प्राथमिक वर्गांसाठी तीस मुलांमागे एक शिक्षक हे प्रमाण ठरवले आहे. ते साठ केले, तर डोक्यांच्या हिशेबाने आपली उत्पादकता एका दिवसात दुप्पट होईल आणि मागच्या बाकावरच्या मुलाला अक्षर येईनासे होईल.

असेच काहीसे यूपीआयचे आहे. २०१६ मध्ये ती सुरू झाली आणि ऑगस्ट २०२३ मध्ये महिन्यातील व्यवहारांची संख्या १,००० कोटींच्या पुढे गेली. पैसे पाठवणाऱ्याकडून शुल्क घेतले जात नाही, म्हणून लोकांचा वाचलेला वेळ उत्पन्नाच्या आकड्यांत फारसा येत नाही. बँकेतून शंभर रुपये काढायला पितळी टोकन मुठीत धरून तासभर बसण्याचा काळ मी पाहिला आहे. त्या तासाची किंमतही कधी कोणी मांडली नव्हती.

आपल्या कामाच्या बाबतीत जे खरोखर मोजता येईल ते निराळे आहे. शाळेच्या सहा तासांपैकी किती वेळ मुलांसमोर जातो आणि किती वेळ ऑनलाइन माहिती भरण्यात, पोषण आहाराच्या नोंदीत, सर्वेक्षणात आणि निवडणुकीच्या कामात जातो, याची महिनाभराची वही ठेवून पाहावी. शिक्षकाच्या वेतनातून जो वेळ विकत घेतला जातो त्यातला शिकवण्याचा भाग किती, हे त्यातून कळेल, आणि तो भाग वाढवायला नवे यंत्रही लागत नाही. आपण किंवा आपल्या तालुक्यातील आणखी काही शिक्षकांनी अशा नोंदी आमच्याकडे पाठवल्या, तर शाळांची नावे न देता पुढील अंकात त्यांवर लिहिता येईल.